मदत हवी आहे: समोरचा खरा ख्रिस्ती आहे का हे कळतं का?

नमस्कार मंडळी, नाशिकला शरणपूर रोडला राहतो, प्रश्न जरा नाजूक आहे. आतेबहिणीला स्थळ आलंय, मुलगा अंबड एमआयडीसीत कामाला, बाप्तिस्मा लहानपणीच झालेला पण रविवारी चर्चला क्वचितच दिसतो. आत्या म्हणते तू ओळखतोस ना त्याला, मग बघून सांग खरा विश्वासणारा आहे का नुसता नावाचा. आता हे मी बघायचं कसं??

बायबलात मत्तय ७ उघडलं तर सुरुवातीलाच दोष काढू नका आणि थोडं खाली फळांवरून ओळखाल, १ शमुवेल १६ मध्ये तर माणूस बाहेरचं बघतो, देव हृदय बघतो.

बरं फळं बघायची तर हा पोरगा नाइट शिफ्ट करून आला की झोपायच्या आधी शेजारच्या बाबांना गाडीवर डायलिसिसला सोडतो, कुणाला सांगत पण नाही. पण असं तर आमच्या गल्लीतला रोज काळारामाला जाणारा पण करतो, मग काय म्हणायचं? आणि प्रार्थनेत ढसाढसा रडणारे एक जण कामवालीचा पगार थकवून बसलेत, ते सोडाच.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला मानणाऱ्यांची 'देवाचा दरबार' म्हणून मंडळी काढली होती, तिच्यात तर बाप्तिस्मा न घेतलेले पण चालायचे, १९१७ ची गोष्ट, म्हणजे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवर पण जाता येत नाही.

पाळकसाहेब म्हणतात भेटून बोल. पण बोलू काय, साक्ष (म्हणजे विश्वासात कसा आलास ते) विचारली तर इंटरव्ह्यू वाटेल त्याला. ज्यांनी घरात असं स्थळ बघितलंय त्यांनी सांगा काय विचारलंत, आणि आत्याला काय उत्तर देऊ? नुसती वचनं टाकू नका प्लीज, अनुभव सांगा.