डिस्क्रीट मॅथ्स ऑनलाइन: मोबाइलवर शिकून सिद्धता लिहिता येते का?

जांबोटीरोड
बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात बिलं करतो. बीसीए होऊन सहा वर्षं झाली. तेव्हा डिस्क्रीट मॅथ्स, म्हणजे तर्क, मोजणी, ग्राफ असलं गणित, शिकवणारे सर मध्येच सोडून गेले, नंतरच्यांनी नोट्सची झेरॉक्स वाटली. पास झालो, कळलं काहीच नाही. यंदा जानेवारीत 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन साइटवर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. शिकायला फुकट, परीक्षेला बसायचं तर हजार रुपये. रात्री जेवण झालं की एक व्हिडिओ, करंट गेला तर मोबाइलवर. ६८ मार्क पडले.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडच्या पोरांनी हे विषय ऑनलाइनच शिकावेत, कॉलेजच्या भरवशावर राहू नये. सीमेवरच्या पोराची अर्धी ताकद 'तू कुठला' याचं उत्तर देण्यात जाते. इकडं मराठी, कोल्हापूरला गेलं की कर्नाटकी. या कोर्सनं मला ना डोमिसाइल विचारलं, ना मातृभाषा. आणि आयआयटीचा मास्तर तीनदा मागं ओढून ऐकता येतो. वर्गात तीनदा विचारलं असतं तर बाहेर काढलं असतं.

खडूडस्टर
अभिनंदन. नोकरी करून ६८ म्हणजे थोडं नव्हे. पण मी तेहतीस वर्षं गणित शिकवलंय, म्हणून विचारतो. बारा आठवड्यांत तुम्ही एकूण किती सिद्धता स्वतःच्या हातानं लिहिल्या, आणि त्यातल्या किती कुणी तपासल्या?

गुणांची मांडणी मलाही ठाऊक आहे. बारापैकी चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी, त्याचे २५. परीक्षेचे ७५, त्यात ३० तरी हवेत. दोन्हीकडं प्रश्न बहुतेक पर्यायांचे. या विषयाचा जीव सिद्धतेत आहे आणि सिद्धतेला पर्याय नसतात. पोहण्याची परीक्षा 'पाणी कुठं खोल आहे, अ, ब, क' अशी घेता येत नाही.

जांबोटीरोड
सर, खरं सांगायचं तर तपासलेली एकही नाही. लिहिल्या असतील चार-पाच. ६८ मधले अंदाजानं मारलेले किती, ते मलाच ठाऊक. पण कॉलेजात तरी कोण तपासत होतं ओ? आमच्याकडं 'इम्पॉर्टंट' म्हणून आठ सिद्धता पाठ करायला दिल्या होत्या, त्यातल्या तीन आल्या. तीही तपासणी नव्हेच की.

चंदगडकर
बाजाराला बेळगावलाच येतो, म्हणून या धाग्यात घुसायचा हक्क आहे असं समजतो.

एक दुरुस्ती. 'कोल्हापूरला गेलं की कर्नाटकी' हे अर्धंच खरं. सीमावादातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाची वेगळी सोय आहे. कागद गोळा करताना दम निघतो ही गोष्ट वेगळी.

मुद्द्याचं बोलायचं तर तुम्ही दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. माझी पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये गेली. मुलाखतीत सर्टिफिकेट कुणी उघडून बघितलं नाही, पण ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा), रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारी कृती), मोजणीचे प्रश्न दर वेळी आले. कोर्स चालू डिग्रीत धरून घ्यायचा असेल तर यूजीसीच्या २०२१ च्या नियमात एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून घेता येतात. तसं करणाऱ्याला फायदा आहे. डिग्री संपल्यावर घेतलेला कागद भिंतीला लावायचा.

निपाणीची_पोर
मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जांबोटीरोड दादा, तुमचं 'मातृभाषा विचारली नाही' हे वाचून हसू आलं. विचारली नाही, कारण इंग्रजी धरूनच चालले!

मला गणित अडलं नाही, शब्द अडले. 'अ‍ॅट लीस्ट' आणि 'अ‍ॅट मोस्ट' यांत माझा पहिला महिना गेला. नंतर 'ऑर'. आपल्याकडं पाहुण्याला 'चहा घेणार की कॉफी' विचारलं तर दोन्ही मागणारा आगाऊ ठरतो. गणितातला 'ऑर' दोन्ही घेतलं तरी खरा. हे कुठल्याच व्हिडिओत कुणी थांबून सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्याला ते कधी अडलंच नसणार. सबटायटल लावून बघा म्हणतात. सबटायटलमध्ये तोच शब्द वाचायला मिळतो, अर्थ नाही.

खडूडस्टर
पोरी, नेमकं बोललीस. 'डिस्क्रीट' या शब्दापाशीच मुलं अडखळतात. परिभाषेत त्याला 'विविक्त' म्हणतात, तो ऐकून तर आणखी घाबरतात. मी वर्गात एवढंच सांगायचो: आपण दूध मापतो आणि अंडी मोजतो. अडीच अंडी कुणी मागत नाही. मापायचं गणित कॅल्क्युलसचं, मोजायचं गणित डिस्क्रीट. मराठीत दोन वेगळी क्रियापदं तयार आहेत.

निपाणीची_पोर
सर, हे एक वाक्य मला गेल्या ऑगस्टात पाहिजे होतं.

कॅम्पातला
डोमिसाइलवरून आठवलं. परम्युटेशन, म्हणजे वस्तूंची अदलाबदल करून किती रचना होतात ते मोजणं, आपल्याला परकं नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० साली, अंकपाश नावाचं प्रकरण याच विषयाचं आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून किती मूर्ती होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत चार, तर २४. आणि हे भास्कराचार्य कुठले? गाव विज्जडविड. कुणी म्हणतं ते विजापूर, कुणी म्हणतं चाळीसगावजवळचं पाटण. म्हणजे पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाचाही सीमाप्रश्न सुटलेला नाही. जांबोटीरोड, तुम्ही कशाला मनाला लावून घेता!

चंदगडकर
हा धागा आता इतिहासात जाणार. सर, तुमची 'सिद्धता तपासणारा पाहिजे' ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला राहणाऱ्या पोरानं असा तपासणारा आणायचा कुठून? काहीच न शिकण्यापेक्षा पर्याय निवडून शिकलेलं बरं की नाही?

खडूडस्टर
नाही. इथंच मतभेद आहे. अर्धवट कळलेलं कॅल्क्युलस निदान सूत्र म्हणून वापरता येतं. अर्धवट कळलेली सिद्धता ही चूकच असते, आणि करणाऱ्याला ती बरोबर वाटते. नमुना देतो.

सिद्ध करायचंय की जगातल्या सगळ्या गाई एकाच रंगाच्या. (म्हशी मुद्दाम घेतल्या नाहीत, त्या खरंच एका रंगाच्या निघायच्या.) पहिली पायरी: एकच गाय असेल तर ती एका रंगाची, यात वाद नाही. आता समजा, कुठल्याही 'क' गाई घेतल्या तरी त्या एका रंगाच्या असतात. 'क + १' गाई ओळीनं दावणीला बांधा. शेवटची सोडा, उरल्या 'क', त्या एका रंगाच्या. तिला परत बांधा आणि पहिली सोडा, उरल्या 'क', त्याही एका रंगाच्या. मधल्या गाई दोन्ही खेपेला आहेत, म्हणून पहिली आणि शेवटचीही त्याच रंगाच्या. इंडक्शननं सिद्ध, म्हणजे पहिली पायरी आणि एका पायरीवरून पुढची, असं चढत गेलं की सगळ्यांचं ठरलं.

चूक कुठं आहे? अ, ब, क, ड देणार नाही.

जांबोटीरोड
पहिल्याच पायरीत. एका गाईवरून सगळ्या गाईंचं कसं ठरवणार?

खडूडस्टर
पहिली पायरी फक्त एका गाईबद्दल बोलते, सगळ्या गाईंबद्दल नाही. परत बघा.

जांबोटीरोड
मग 'समजा क गाई एका रंगाच्या' हे धरणंच चूक. जे सिद्ध करायचं तेच आधी धरलं.

खडूडस्टर
इंडक्शनमध्ये तेच धरायचं असतं. तेवढ्यावर चूक ठरवली तर जगातल्या सगळ्या इंडक्शन सिद्धता फुकट जातील. अहो, ६८ मार्क आहेत तुम्हाला.

निपाणीची_पोर
मी सांगू? 'क'च्या जागी १ घाला. दावणीला दोनच गाई. शेवटची सोडली की पहिली उरली, पहिली सोडली की दुसरी उरली. 'मधल्या गाई' आहेत कुठं? दोन्ही खेपेला असणारी एकही नाही. एकावरून दोनवर जातानाच दोर तुटतो. दोनवरून तीनवर, तीनवरून चारवर काहीच अडचण नाही, म्हणून तर वाचताना खरं वाटतं.

खडूडस्टर
बरोबर. हे कुठं शिकलीस?

निपाणीची_पोर
व्हिडिओ त्याच कोर्सचे, सर. पण हे व्हिडिओत नव्हतं. हॉस्टेलला माझी रूममेट गोकाकची, तीही तोच कोर्स करत होती. तिला मराठी कळतं थोडं, मला कन्नड थोडं. मी सिद्धता लिहायची आणि तिनं दर ओळीला 'याके?' विचारायचं. म्हणजे 'का?'. उत्तर देता आलं नाही तर ती ओळ खोडायची. पुढच्या दिवशी ती लिहिणार, मी विचारणार. पहिल्या आठवड्यात माझ्या पानावर खोडाखोड सोडून काही उरत नव्हतं. ती कन्नडात भांडायची, मी मराठीत, वही इंग्रजीत. तिला गणित माझ्यापेक्षा जास्त येत होतं असं काही नाही.

चंदगडकर
म्हणजे तपासणारा आयआयटीचा लागत नाही, 'याके' विचारणारा कुणीही चालतो. सर, मग ऑनलाइन कोर्स वाईट कसा?

खडूडस्टर
व्हिडिओ वाईट असं मी म्हटलेलं नाही. एकट्यानं बघून पदरात पडतं, हे म्हणणं मला मान्य नाही. ही मुलगी एकटी नव्हती. आणि 'कुणीही चालतो' हेही नाही. गोकाकच्या पोरीनं तोच कोर्स केला होता, चहावाल्यानं 'याके' विचारून भागलं नसतं.

जांबोटीरोड
मी मूळ म्हणणं सोडत नाही. कॉलेजनं मला झेरॉक्स दिली, कोर्सनं निदान शिकवलं. पण गाईंनी दोनदा पाडलं ते पाडलंच. फाउंड्रीत डिस्क्रीट मॅथ्सवाला कुणी मिळायचा नाही. हँडशेकिंगची सिद्धता रात्री लिहून काढली आहे, कुठल्याही जमावात विषम वेळा हात मिळवलेल्या माणसांची संख्या समच असते, ती. फोटो इथं टाकला तर कुणी 'याके' विचारेल का?

निपाणीची_पोर
टाका की. फक्त पान सरळ धरून काढा, मागच्या वेळी एकानं तिरका टाकला होता, मान मोडली.

खडूडस्टर
मला मोबाइलवर बारीक अक्षर दिसत नाही. रविवारी दहानंतर वडगावला या, वही घेऊन. गेटाजवळ कुत्रं आहे, नुसतं भुंकतं.