एसिटॅलोप्रॅम-क्लोनाझेपॅमची जोडगोळी: अर्धी करून बंद करता येते का?

पारिजात_६१
आईचं वय ६४. सततच्या काळजीसाठी चार महिन्यांपासून रात्री एकच गोळी चालू आहे: एसिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ + क्लोनाझेपॅम ०.५ मिग्रॅ. बीपीसाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड. आता बरं वाटतंय, म्हणून थांबवायचा हट्ट आहे. मध्यंतरी तीन दिवस गोळी चुकली तर झोप उडाली, हात थरथरले. म्हणजे सवय लागली का? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. त्यांना नेमकं काय विचारू?

कडूगोड
भेट होईपर्यंत गोळी आहे तशी, आहे त्या वेळी चालू ठेवा. अर्धीही करू नका.

एका गोळीत दोन औषधं आहेत आणि दोघांची चाल वेगळी. एसिटॅलोप्रॅमचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, उलट पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता थोडी वाढते. तेवढा काळ निभावून न्यायला क्लोनाझेपॅम देतात, ते तासाभरात काम करतं. खरं तर दोन-चार आठवड्यांनी त्याचं काम संपतं. पण दोन्ही एकाच पाकिटात असल्यामुळे तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवली जाते आणि शरीर क्लोनाझेपॅमला सरावतं. आईंची थरथर त्यातलीच दिसते. मूळ आजार उलटतो तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांत. औषध तुटल्याचा त्रास दोन-चार दिवसांतच येतो.

जोडगोळी अर्धी केली की एसिटॅलोप्रॅमही ५ वर येतं, आणि ते इतक्यात कमी करायचं नसतं. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालवतात. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा: दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या लिहून द्याल का?

खलबत्ता
वेगळ्या झाल्या की क्लोनाझेपॅम उतरवणं सोपं. ०.२५ ची गोळी मिळते. नमुन्यादाखल: ०.५ वरून ०.३७५ (एक आणि अर्धी), मग ०.२५, मग ०.१२५, प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे. नेमका वेग डॉक्टर ठरवतील. शेवटच्या पायऱ्या जास्त जड जातात, कारण तिथे एका झटक्यात निम्मा डोस कमी होतो. त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबायचं. एकदम तोडलं तर फिट येऊ शकते, मोठ्या डोसवर धोका अधिक.

तोडायला मधे रेघ असलेली गोळी आणि गोळी कापायचा कटर घ्या. जिभेवर विरघळणारी गोळी भुगा होते, दमट हवेत ओली होते. आणि नावापुढे एसआर किंवा सीआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर ती गोळी कधीच तोडायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं.

पारिजात_६१
धन्यवाद. गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या का? आणि सर्दी-गुडघेदुखीच्या गोळ्या चालतात?

निरगुडी
दोन कधीच नाही. त्याच दिवशी आठवली तर द्या, दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या.

मला जास्त काळजी बीपीच्या गोळीची वाटते. साठीनंतर एसिटॅलोप्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही असतील तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सुस्ती, गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं याला घरचे 'वय झालं' म्हणतात. चार महिन्यांत सोडियम तपासलं नसेल तर भेटीआधीच तपासून रिपोर्ट सोबत न्या. बरळणं किंवा फार गुंगी दिसली तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना.

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन स्वतःहून नको, पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, पॅरासिटामॉल बरं. ट्रॅमाडॉल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. पित्तासाठी ओमेप्राझोल घेत असतील तर तेही सांगा, त्याने एसिटॅलोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. ते आणि क्लोनाझेपॅम मिळून रात्री लघवीला उठताना पडायची भीती, तेव्हा संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. कोडीनचं खोकल्याचं औषध नको.

खलबत्ता
एक राहिलंच. गोळ्या वेगळ्या झाल्या की घरातलं जुनं पाकीट त्याच दिवशी काढून टाका. नवं एसिटॅलोप्रॅम आणि कपाटातली जोडगोळी दोन्ही पोटात जातात, कारण दोन्हींच्या नावात फरक बऱ्याचदा शेवटच्या 'प्लस'चाच असतो.