बेटराष्ट्रांचा आपत्ती विमा: नुकसान ४८ कोटी, भरपाई २४ लाख. हिशोब कसा लागतो?

अरुंधती_के:
लहान बेटराष्ट्रांच्या आपत्ती विम्यावर टिपण लिहिते आहे. २०१५ मध्ये एरिका वादळाने डॉमिनिकाचं सुमारे ४८.३ कोटी डॉलरचं नुकसान केलं, म्हणजे जीडीपीच्या जवळपास ९० टक्के. सीसीआरआयएफ या कॅरिबियन विमा निधीतून मिळाले फक्त २४ लाख. एवढ्यासाठी अर्थखात्याने दरवर्षी हप्ता का भरायचा? आणि अटॅचमेंट पॉइंट (नुकसान ज्या आकड्यापुढे गेलं की भरपाई सुरू होते तो) कुठे ठेवायचा हे ठरवतात कसं? शिवाय जमैकाचं कोडं: २०२४ च्या बेरिल वादळात कॅट बाँडमधून (आपत्ती ठरलेल्या अटीत बसली की गुंतवणूकदारांची रक्कम देशाला मिळते, असे रोखे) एक डॉलरही सुटला नाही, २०२५ च्या मेलिसा वादळात मात्र सगळी रक्कम मिळाली.

पुनर्विमा_डेस्क:
आधी एक गोष्ट पक्की करा. हा पॅरामेट्रिक विमा आहे. इथे सर्व्हेअर पाहणीला येत नाही, पडलेली घरं मोजली जात नाहीत. वादळाचा मार्ग आणि वाऱ्याचा वेग, किंवा भूकंपाचं केंद्र, खोली आणि तीव्रता मॉडेलमध्ये घालतात. मॉडेलकडे देशातल्या इमारती, रस्ते, पूल यांची नोंद असते. त्यावरून अंदाजित नुकसान निघतं आणि भरपाई त्या आकड्यावर ठरते.

काल्पनिक उदाहरण घ्या. अटॅचमेंट पॉइंट २ कोटी डॉलर, वरची मर्यादा १२ कोटी, आणि मधल्या थरातला ३० टक्के वाटा विम्याकडे. म्हणजे जास्तीत जास्त भरपाई १० कोटींच्या ३० टक्के, ३ कोटी. मॉडेलने ६ कोटी नुकसान दाखवलं तर ६ वजा २ म्हणजे ४ कोटी, त्याचे ३० टक्के म्हणजे १.२ कोटी मिळतील. प्रत्यक्षात २० कोटींचं नुकसान झालं असलं तरी आकडा तोच.

हप्ता कशासाठी, याचं उत्तर वेळेत आहे. पैसे साधारण १४ दिवसांत सरकारी तिजोरीत येतात. २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनाडाचं जीडीपीच्या दुपटीएवढं नुकसान केलं, तेव्हा महसूल थांबलेला आणि मदत यायची होती. नेमका हाच मधला काळ भरून काढायला २००७ मध्ये सीसीआरआयएफ उभा राहिला. २०१० च्या भूकंपानंतर हैतीला मिळालेले सुमारे ७७ लाख डॉलर पुनर्बांधणीपुढे काहीच नव्हते, पण पगार आणि इंधन अडू नये यासाठी ते मोलाचे होते.

मॉडेल_वाचक:
वरचं गणित बरोबर, पण एरिकाचं मूळ कारण त्यात आलं नाही. एरिका वाऱ्याचं नव्हे, पावसाचं संकट होतं. वाऱ्याच्या पॉलिसीचा ट्रिगर, म्हणजे भरपाई सुरू होण्याची अट, लागलाच नाही. ते २४ लाख अतिवृष्टीच्या वेगळ्या पॉलिसीतून आले. दोनच वर्षांनी मारिया वादळाने त्याच बेटावर थेट धडक दिली, तेव्हा वाऱ्याच्या पॉलिसीने सुमारे १.९ कोटी दिले. डोंगराळ बेटांवर दरडी आणि पूर वाऱ्याइतकेच घातक असतात, आणि उपग्रहावरून काढलेले पावसाचे अंदाज डोंगरउतारांवर बऱ्याचदा कमी पडतात. म्हणून वाऱ्याची पॉलिसी घेऊन पावसाची टाळणं मला साफ चुकीचं वाटतं.

सॉलोमन बेटांचं उदाहरणही टिपणात घ्या. पॅसिफिक बेटराष्ट्रांची अशीच विमा योजना २०१३ च्या जानेवारीत सुरू झाली. पुढच्याच महिन्यात सांता क्रूझजवळ ८.० तीव्रतेचा भूकंप झाला, पण भरपाई मिळाली नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये होनियारात भीषण पूर आला. तोही पॉलिसीत बसत नव्हता, कारण त्यात पाऊस हा स्वतंत्र धोका धरलेला नव्हता. देश योजनेतून बाहेर पडला. त्याच योजनेतून टोंगाला इयन वादळानंतर १२.७ लाख आणि वानुआटूला पॅम वादळानंतर १९ लाख डॉलर मिळाले होते.

अटॅचमेंट पॉइंटबद्दल: तो १५ वर्षांतून एकदा येणाऱ्या नुकसानीवर ठेवला, तर सलग १० वर्षं काहीच न मिळण्याची शक्यता जवळपास ५० टक्के असते. हा आकडा मंत्रिमंडळाला सही करण्याआधी सांगायला हवा. नाहीतर चौथ्या वर्षी कुणीतरी विचारतं, "पैसे वाया का घालवता?", आणि पॉलिसी बंद पडते.

अरुंधती_के:
मग अटॅचमेंट पॉइंट खाली आणला तर?

पुनर्विमा_डेस्क:
हप्ता भराभर वाढतो, कारण वारंवार येणारं नुकसान विमा कंपनीला जवळपास खात्रीनेच द्यावं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी येणारी छोटी वादळं अर्थसंकल्पातल्या राखीव निधीतून भागवा. त्यावरच्या थराला जागतिक बँकेचं आधीच मंजूर करून ठेवलेलं आपत्कालीन कर्ज. विमा त्याच्याही वर. हप्त्याचे पैसे ठरलेले असतील तर मी पॉइंट खाली न आणता वाटा वाढवेन, म्हणजे मोठं वादळ आलं तर रक्कम कामाची येते. काही पॉलिसींना एक जोडकलम असतं: मॉडेलचं नुकसान पॉइंटच्या खाली राहिलं, तरी ठरावीक अटींवर थोडी रक्कम मिळते. ते जरूर मागा.

कॅटबाँड_नोंदी:
जमैकाच्या बाँडमध्ये नुकसानाचं मॉडेलच नाही. बेटाभोवतीच्या समुद्राचे चौकोन आखलेले आहेत, आणि वादळ त्या चौकोनातून जाताना त्याच्या केंद्रातला हवेचा दाब किती उतरला एवढंच पाहतात. बेरिल दक्षिण किनाऱ्याजवळून गेलं, पण चौकोनांत दाब ठरलेल्या पातळीखाली आला नाही. म्हणून शून्य. मेलिसा २८ ऑक्टोबर २०२५ ला थेट किनाऱ्यावर आलं, दाब ९०० हेक्टोपास्कलच्याही खाली, आणि १५ कोटी डॉलरचा बाँड पूर्ण सुटला.

बेरिलनंतर बाँडवर "फसवणूक" म्हणून टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. बाँड सगळ्यात वरच्या, क्वचित येणाऱ्या थरासाठी होता, आणि बेरिलच्याच वेळी सीसीआरआयएफच्या पॉलिसीतून जमैकाला पैसे मिळाले होते. पण चौकोनाच्या कडेवर दाबाची एक पायरी चुकली की कोट्यवधी जातात, हा धोका खराच. करारापूर्वी गेल्या शंभर वर्षांची वादळं त्या चौकोनांवरून फिरवून पाहावीत: कुणाला किती मिळालं असतं, आणि कोणतं विनाशकारी वादळ कोरडं गेलं असतं.

मॉडेल_वाचक:
एक भर. ग्रेनाडाच्या कर्जरोख्यांत हरिकेन कलम होतं. बेरिलनंतर ते वापरून देशाने सुमारे ३ कोटी डॉलरची परतफेड पुढे ढकलली. वेगळी पॉलिसी नाही, वार्षिक हप्ताही नाही. नवं कर्ज घेताना किंवा जुन्याची फेररचना करतानाच ते घालून घ्यावं लागतं, त्यामुळे टिपणात ते विम्याच्या प्रकरणात न टाकता कर्ज व्यवस्थापनाखाली ठेवा.