पन्नाशीपूर्वी बारा किल्ले, मोडीचा रुमाल आणि एक वारी: सव्वीस महिन्यांत कसे बसवावे?

मुलुंडकर (जानेवारी २०२६)

सर्वांना नमस्कार. मार्च २०२८ मध्ये मला पन्नास वर्षे पूर्ण होतील, म्हणजे हाताशी सव्वीस महिने आहेत. तोपर्यंत करायच्या गोष्टींची यादी मी दिवाळीत लिहायला घेतली आणि ती अकरावर गेली. पोहणे शिकणे, घराचे कर्ज फेडणे अशा ज्या गोष्टी तारखेचा धाक नसला तरी होतील, त्या मी खोडल्या. आता तीन उरल्या आहेत आणि त्यांतली एकही सोडवत नाही.

पहिली म्हणजे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले मराठ्यांचे बारा किल्ले पाहणे. शिवनेरी, लोहगड आणि प्रतापगड पूर्वीच झाले आहेत. रायगडावर गेले होते, पण रोपवेने. दुसरी गोष्ट घरातली आहे. आजोबांच्या ट्रंकेत खारव्याच्या कापडात बांधलेला मोडी लिपीतल्या कागदांचा एक रुमाल आहे, आणि वडील गेल्यापासून तो कोणीही उघडलेला नाही. ते कागद दुसऱ्याकडून वाचून न घेता मला स्वतःला वाचायचे आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे आळंदी ते पंढरपूर ही सगळी वाट माउलींच्या पालखीबरोबर पायी चालणे.

मी बँकेत नोकरी करते. सलग तीन आठवड्यांची रजा अवघड आहे, तरी अशक्य नाही. उजवा गुडघा उतरताना दुखतो. गावी आत्या आहेत, त्यांचे वय ८६ आहे. या तिन्ही गोष्टींचा क्रम कसा लावावा, की एखादी सोडून द्यावी? आणि रोपवेने गेलेला रायगड धरावा का? ज्यांनी असा संकल्प केला आणि पार पाडला, किंवा ज्यांचा तो अर्धवट राहिला, अशा दोघांचेही अनुभव मला हवे आहेत.

सातमाळा

ताई, मी साठीपूर्वी नाशिक जिल्ह्यातले साठ किल्ले करण्याचे ठरवले होते. साठाव्या वाढदिवसाला बावन्न झाले होते आणि उरलेले आठ पुढच्या दोन हिवाळ्यांत झाले. मागे वळून पाहताना माझी एकच चूक मला स्पष्ट दिसते. मी महिने मोजले, हंगाम मोजले नाहीत. आपल्याकडे सव्वीस महिने आहेत असे आपण लिहिता. प्रत्यक्षात डोंगर चढण्याजोगे दोन हिवाळे आहेत, शिवाय चालू हिवाळ्याचे उरलेले दोन महिने. वाऱ्या तर दोनच आहेत.

बारांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही पाण्यात आहेत. पावसाळ्यात तिकडे होड्या जात नाहीत, आणि खांदेरीसाठी थळच्या किनाऱ्यावरून होडी ठरवताना भरती-ओहोटी पाहावी लागते. विजयदुर्गाला मात्र गाडीरस्त्याने थेट पोहोचता येते, म्हणून हर्णै (सुवर्णदुर्गासाठी), विजयदुर्ग, मालवण (सिंधुदुर्गासाठी) असा एकच कोकण प्रवास चार दिवसांत बसतो. पन्हाळ्याचा फारसा विचार करावा लागणार नाही. जिंजी तमिळनाडूत आहे. तिथे राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आहेत, आणि राजाराम महाराज ज्या राजगिरीवर राहिले, तिच्या पायऱ्या उन्हात फार कठीण जातात. डिसेंबर-जानेवारी सोडून तिकडे जाऊ नये. तिंडीवनम स्थानकावर उतरल्यास पुढचा रस्ता थोडाच आहे.

खरी परीक्षा साल्हेरची आहे. उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाई सोडले तर याहून उंच शिखर नाही. वाघांब्याहून निघाल्यास आपण साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोहोचतो आणि तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. माथ्यावरच्या परशुरामाच्या देवळापर्यंत गेल्याशिवाय गड पूर्ण होत नाही, आणि शेवटचा तो चढ पाय जड झाल्यावर येतो. १६७२ ची मराठे-मोगलांची मोठी लढाई पायथ्याच्या ज्या मैदानात झाली, ते वरून पाहताना मी अर्धा तास जागचा हललो नाही. राजगड आणि साल्हेर हे दोन किल्ले पहिल्याच पूर्ण हिवाळ्यात उरकावेत, म्हणजे प्रकृतीने किंवा रजेने दगा दिला तरी दुसरा हिवाळा हाताशी राहतो.

गुडघ्याबद्दल एक सांगतो. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर भार येतो तो उतरताना. राहत्या इमारतीचे जिने आठवड्यातून चार दिवस चढावेत आणि उतरताना घाई न करता, एकेक पायरी सावकाश उतरण्याचा सराव करावा. त्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवून घ्यावा. रायगडाचा निर्णय आपला आहे, पण विचारलेच आहे म्हणून सांगतो: आपल्या मनात तो प्रश्न उठला, याचा अर्थ आपण तो धरलेला नाही. चित्त दरवाज्याच्या वाटेने एकदा चढून जा.

बाळबोध

मी गेली नऊ वर्षे मोडी वाचतो आणि शिकवतो, म्हणून फक्त रुमालाविषयी लिहितो.

आजोबांचे कागद बहुधा इंग्रजी अमदानीतले असतील, म्हणजे खरेदीखते, गहाणखते, वाटण्या. पेशवाईतल्या चिटणिशी वळणापेक्षा हे अक्षर नवख्याला सोपे जाते, कारण दस्तांची भाषा ठरलेली असते. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सबब’, ‘चतुःसीमा’ हे शब्द पानोपानी येतात. ते एकदा डोळ्यांत बसले की त्यांच्यातली अक्षरे धरून पुढचे शब्द उकलतात. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा आखून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे अक्षरे ओळखू येऊ लागली तरी ओळ लागत नाही, आणि बहुतेक लोक नेमक्या याच टप्प्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सोडून देतात. रोज अर्धा तास, वाचण्याबरोबर लिहिणेही, अशी बैठक ठेवली तर माझ्या विद्यार्थ्यांना सहा-आठ महिन्यांत घरचे दस्त वाचता येऊ लागतात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेते. तिथे चौकशी करावी.

रुमाल सोडताना कागद ताणू नका, घडीवर जीर्ण झालेले असतात. आधी प्रत्येकाचे छायाचित्र घ्या आणि वाचन त्या छायाचित्रावरच करा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या प्रश्नात आत्यांचे वय एका ओळीत येऊन गेले आहे, पण क्रम त्याच ओळीने लावावा असे मला मनापासून वाटते. दस्तात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस अमकी विहीर. अक्षरे मी आपल्याला शिकवू शकेन. ती विहीर कोणाची, त्या माणसाला गावात काय म्हणत, हे सांगणारे माणूस आपल्याकडे आज आहे. माझ्या आजीच्या बाबतीत मला चौदा महिने उशीर झाला. कागद वाचता येऊ लागले तेव्हा त्यांतली नावे ओळखणारे घरात कोणी उरले नव्हते. किल्ले मार्च २०२८ नंतरही जागेवर असतील. म्हणून पूर्ण मोडी येण्याची वाट पाहू नका. पहिले नाव लागले की त्याच दिवशी फोन करा.

टाळकरी

माउली, मी अकरा वर्षे दिंडीबरोबर चालतो आहे. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने आषाढी जुलैच्या उत्तरार्धात येते. यंदा पूर्ण वारीचा आग्रह धरू नये, पण पुणे ते सासवड हा टप्पा अवश्य चालून पाहावा. दिवे घाट याच टप्प्यात आहे आणि वाटेतला हा सर्वांत लांब पल्ल्यांपैकी एक आहे. त्या संध्याकाळी सासवडला आपले पाय कसे आहेत, यावरून पुढच्या वर्षाचे सगळे समजेल.

पूर्ण वारी २०२७ मध्ये करा. रजेचा अर्ज वर्षभर आधी द्यावा. एकट्याने न चालता ओळखीच्या दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरून जावे, म्हणजे सामान ट्रकमध्ये जाते आणि रात्री राहुटीत जागा मिळते. नवी पादत्राणे घालून निघू नका. पावसात पाय भिजतात, फोड येतात आणि लोणंदपर्यंत पुष्कळ जण त्यानेच हैराण होतात. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते, तिथवर शरीर वाटेला रुळते.

यादीत वारी आहे याचा मला आनंद आहे. फक्त एक विनंती: घरून निघताना वाढदिवसाची तारीख घरीच ठेवावी. पहाटे उठल्यावर आज किती चालायचे आणि संध्याकाळी हरिपाठाला कुठे बसायचे, एवढेच मनात असलेले बरे.

मुलुंडकर (सात आठवड्यांनी)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ठरवले ते असे: यंदा मोडी आणि सासवडपर्यंतची वाट, पहिल्या हिवाळ्यात राजगड, साल्हेर आणि चित्त दरवाज्याने रायगड, २०२७ मध्ये वारी, पन्हाळा, खांदेरी आणि कोकण जमेल तसे, जिंजी शेवटी. जिंजी मार्चनंतर गेली तरी मला चालेल. डॉक्टरांनी गुडघा तपासून व्यायाम दिले आहेत आणि जिने सुरू झाले आहेत.

रुमालात एकोणीस कागद निघाले. गेल्या रविवारी एका खरेदीखतातली चतुःसीमा मला अर्धीमुर्धी लागली. ‘उत्तरेस’ कळले, पुढे ‘चिंच’ कळले, मधला शब्द काही केल्या उकलेना. बाळबोध यांच्या सांगण्याप्रमाणे मी तशीच आत्यांना फोनवर ओळ वाचून दाखवली. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “जोडचिंच असेल. दोन झाडं एका बुंध्यातून निघाली होती, तुझा बाप तिथून पडला होता.” मी कागद पुन्हा पाहिला. ‘जोड’च होते. आता दर रविवारी दहा वाजता त्याच फोन करतात आणि विचारतात, पुढचा कागद लागला का.