अनुभव धागा : कोरोनातल्या स्वाध्यायपत्रिका आणि त्या घरोघरी पोचवणारे आपण

पडवी :
काल शाळेचं लोखंडी कपाट रंगवायला बाहेर काढलं. खालच्या फळीवर खताच्या पिशवीत बांधलेला गठ्ठा होता. सुतळी सोडली तर ऑगस्ट 2020 च्या स्वाध्यायपत्रिका. इयत्ता तिसरी, हातच्याची वजाबाकी. सतरा कागद, एकावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा. रंगारी म्हणाला, बाई रद्दीत टाकू का? मी गठ्ठा घरी आणला. रात्री झोप लागेना म्हणून लिहितेय.

शाळा श्रीवर्धनच्या बाजूला, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. सगळीकडून ऑनलाइन अभ्यासाच्या लिंका यायच्या आणि आमच्याकडे फोन चार्ज करायला जनरेटरपाशी रांग. म्हणून कागद. आठवड्याला एक पान हाताने लिहायचं, तालुक्याला जाऊन झेरॉक्स काढायची, वाडीवर चालत द्यायची.

वर्गात पोर अडलं की पेन्सिल तोंडात जाते. मला तेवढं पुरतं, मी जाऊन शेजारी बसते. कागदावर ती पेन्सिल दिसत नाही हो. एक तर कोरा कागद यायचा, नाहीतर बरोबर उत्तर. एका मुलीची आठ आठवडे सगळी गणितं बरोबर होती. मी दर वेळी लाल पेनाने शाब्बास लिहिलं. डिसेंबर 2021 मध्ये वर्ग उघडले, तिला फळ्यावर 42 वजा 17 दिलं. तिने 35 लिहिलं आणि माझ्याकडे बघत राहिली. कागद भाऊ सोडवायचा, आठवीतला. "बाई एवढ्या चालत येतात, कोरा कसा द्यायचा?" असं तो म्हणाला.

त्या शाब्बासचं काय करायचं, मला अजून कळत नाही. तुमचं काय झालं, लिहा.

खडूचा डबा :
झेरॉक्सचे पैसे कोणी दिले कोणाला? आमच्याकडे स्वतःच्या खिशातून. पानाला रुपया, पाठपोट दीड. पाच वर्ग, दर आठवडा. दुकान बंद असायचं, मागच्या दाराने अर्धं शटर उचलून काढून द्यायचा बिचारा.

सातपुडा_पायथा :
धडगाव तालुका. नेटवर्क पाहिजे तर टेकडीवर. आणि कागद मराठीत, घरात बोलतात पावरी. आई म्हणायची गुरुजी हे काय लिहिलंय ते सांगून तरी जा. मग मी अंगणातच बसायचो, एका पाड्यावर तास-दीड तास. दिवसाला दोन पाडे व्हायचे, अहवालात मात्र रोज सगळ्या मुलांचा आकडा भरायचा. तो आकडा भरताना हात जड व्हायचा.

निळी छत्री :
पडवीताई, भावाचं वाचून डोळे भरले.
आम्ही कागद तांदळाच्या पिशवीत घालून दिले. शाळा बंद होती तरी पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ पालकांना वाटायचो ना, त्या दिवशी सगळे येतातच. वाटप सोपं झालं. परत गोळा करायला मात्र कोणी येईना, पुढचा तांदूळ येईपर्यंत वाट बघायची. तोवर पावसाने, उंदराने, धाकट्या भावंडाने निम्मे संपवलेले.

खडूचा डबा :
तांदूळ मापायलाही आपणच 😊 पायलीचं माप अजून हातात बसलंय माझ्या

निळी छत्री :
हो ना! आणि मूग-मटकी कोणाला काय यावरून भांडणं. एका आजीने मला मुगाची खिचडी करून डब्यात दिली होती, लांबूनच ओट्यावर ठेवून मागे सरकली. तशी खिचडी परत खाल्ली नाही. लसूण ठेचून वरून तेल.

वऱ्हाडी पाटी :
मले तर शिकवायले वेळच कुठं होता. आधी चेकपोस्टवर नाकाबंदी, मग रेशन दुकानावर, मग 15 सप्टेंबरपासून सरकारची 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहीम. घरोघरी ताप मोजा, ऑक्सिजन मोजा. त्याच पिशवीत मी पोरांचे कागद ठेवायचो. एका हातात तापमापक, दुसऱ्या हातात भागाकार. लोक दार लावून घेत, वाटायचं याला हात लावला तर आपल्यालाच उचलून नेतील. पोरगं खिडकीतून हात काढून कागद घ्यायचं.
आमच्या केंद्रातले एक गुरुजी त्याच ड्युटीत गेले. त्यांच्या पिशवीतले कागद मी वाटले. जास्त नाही लिहित.

पडवी :
दादा 🙏

सातपुडा_पायथा :
🙏🙏

समुद्रफेस :
मी शिक्षक नाही, पण लिहू का? तेव्हा फिलिपिन्समध्ये दावावला एमबीबीएसला होतो, लवकर परत येता आलं नाही. घरमालकीण सरकारी शाळेत शिक्षिका. तिकडे 5 ऑक्टोबर 2020 ला वर्ष सुरू झालं ते मॉड्यूलवरच. प्रत्येक विषयाची छापील पुस्तिका, प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि पालक येऊन जुनं देणार, नवं नेणार. आमचा हॉल छतापर्यंत भरलेला. शाळेतला प्रिंटर गरम होऊन बंद पडला की ती रात्री घरच्या प्रिंटरवर काढायची, शाई स्वतःची. मी आणि रूममेट स्टेपल मारायचो.
उत्तरं पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच छापलेली असायची. ती तपासताना म्हणायची, चुकासुद्धा मागच्या छापील उत्तरांतल्याच आल्यात, आता मी कोणाला शिकवू? पडवीताईंचं वाचलं आणि ती टेबलावर डोकं टेकून बसलेली आठवली.

पडवी :
अगदी हेच. पाच-सहा हजार किलोमीटरवर दुसरी एक बाई हेच म्हणत होती तर.

चाळ नं ४ :
मुंबई, खासगी शाळा. आमच्याकडे कागद नाही, पीडीएफ. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, फोन एक, तो बाबांबरोबर कामावर. रात्री अकराला गृहपाठाचे फोटो यायला लागायचे. शाईपेनाने लिहिलेलं, पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो. बोटांनी मोठं करून करून तपासायचे. चष्म्याचा नंबर वाढला. पगार त्या वर्षी अर्धा. शाळेचं नाव घेत नाही.
कुकर लावलाय, नंतर येते

कृष्णाकाठ :
दहावीवाले कोणी आहे का इथं? आमचं दुखणं वेगळं. 2021 ला परीक्षा रद्द झाली, नववीचे 50, दहावीचं लेखी 30, अंतर्गत 20 असं गणित आलं. आता लेखी 30 कुठनं आणायचे? ज्यांच्या सराव चाचण्या झाल्या त्यांचं ठीक. माझ्या वर्गातली सात पोरं ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांबरोबर फडात. त्यांना फोन करून करून चाचणी घेतली, एकाने फडातच पाचटावर बसून पेपर लिहिला आणि मुकादमाच्या फोनवरून फोटो पाठवला. 16 जुलैला निकाल लागला, राज्याचा 99.95 टक्के. लोक हसले, असल्या निकालाला काय अर्थ. त्या पाचटावरच्या पेपराला मी 30 पैकी 19 दिले होते, एकूणएक मार्क तपासून. त्याला हसलेलं मला चालणार नाही.

खडूचा डबा :
होय सर. अगदी.

निळी छत्री :
कोणाला सेतू अभ्यासाच्या, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीच्या, पुस्तिका आठवतात का? जुलै 2021, पंचेचाळीस दिवसांच्या. चांगल्या होत्या खरं तर. पण आमच्याकडे पीडीएफच आली, छापायचं परत आपणच.

आठवीतला दादा :
पहिल्यांदाच लिहितोय इथे. मी शिक्षक नाही, आता बी.ए.ला आहे. माझ्या बहिणीचेही कागद मीच सोडवायचो. आई-बाबा विटभट्टीवर, मी घरी, ती सात वर्षांची. सर यायच्या आदल्या रात्री आठवायचं. तिला शिकवायला बसलो की ती रडायची, मग मीच लिहून टाकायचो, डाव्या हाताने, म्हणजे अक्षर लहान पोराचं वाटेल. सरांना कळलं असणार. एकदा कागदावर खाली त्यांनी लिहिलं होतं, "तुझा अभ्यास कोण घेतं?" मी तो कागद ठेवलाय.

पडवी :
बाळा, तुझं वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून होते. बहीण आता कशी आहे?

आठवीतला दादा :
मजेत. कबड्डी खेळते. गणित कच्चंच आहे.

चाळ नं ४ :
आले परत. पडवीताई, तो वजाबाकीचा कागद फोटो काढून टाकाल का? माझी धाकटी दुसरीत, आत्ता तिथेच अडलीय. 42 मधून 17 म्हटलं की सातातून दोन वजा करते.

पडवी :
टाकते सकाळी. पण कागदाच्या आधी खराट्याच्या काड्या घ्या. रबर लावून दहा-दहाच्या चार जुड्या, वर दोन सुट्या. सात काड्या माग. ती सुट्या बघेल, पुरत नाहीत म्हणेल, गप्प बसेल. बसू दे. मग एक जुडी सोडावी लागेल हे तिच्या लक्षात येईल.
रबर तिलाच काढू दे. कितीही वेळ लागला तरी तू काढू नकोस.