जीएचसीमध्ये ‘काइंड’चा वेगळा डेटाटाइप सापडत नाही

निशाचर: जीएचसीचा, म्हणजे हॅस्केल भाषेच्या कंपायलरचा, सोर्स चाळतेय. वाटलं होतं, काइंडसाठी (म्हणजे टाइपच्या टाइपसाठी) स्टार (‘टाइप’ या काइंडचं जुनं नाव) आणि अ‍ॅरो असे दोन कन्स्ट्रक्टर असलेला छोटासा डेटाटाइप निघेल. हाती लागली एकच ओळ: काइंड हा टाइपचाच सिनोनिम. मग ‘मेबी इंट’चा काइंड लिहिलेला असतो कुठे?

लॅम्डाकाका: लिहिलेला नसतोच, लागेल तेव्हा काढतात. काइंड साठवतात तो मुख्यतः टाइप व्हेरिएबलमध्ये आणि टायकॉनमध्ये, म्हणजे मेबीसारख्या टाइप कन्स्ट्रक्टरमध्ये. मेबी एक टाइप घेऊन टाइप देतो, म्हणून त्याच्या टायकॉनपाशी ‘टाइप अ‍ॅरो टाइप’ असतं. तो अ‍ॅरो म्हणजे साध्या फंक्शनच्या टाइपसाठी वापरतात तो फनटाय कन्स्ट्रक्टरच. ‘टाइपकाइंड’ हे फंक्शन टायकॉनचा काइंड उचलतं आणि दर आर्ग्युमेंटमागे एक अ‍ॅरो सोलतं. मेबीला इंट दिला की उरतं नुसतं ‘टाइप’.

खरी गंमत प्रॉक्सी या टाइप कन्स्ट्रक्टरमध्ये आहे. तो कुठल्याही काइंडचं आर्ग्युमेंट घेतो: त्याचा काइंड ‘फॉरऑल के, के अ‍ॅरो टाइप’. तुम्ही लिहिता ‘प्रॉक्सी मेबी’, पण आत टायकॉनअ‍ॅपच्या (टायकॉन आणि त्याची आर्ग्युमेंट एकत्र ठेवणाऱ्या कन्स्ट्रक्टरच्या) यादीत दोन आर्ग्युमेंट असतात: आधी ‘टाइप अ‍ॅरो टाइप’, मग मेबी. एफ-प्रिंट-एक्सप्लिसिट-काइंड्स फ्लॅग लावा, दिसेल. काइंड असा टाइपांच्या रांगेत बसतो तो दोघांचा डेटाटाइप एकच आहे म्हणून. वेगळे ठेवले असते तर सब्स्टिट्यूशन, युनिफिकेशन, प्रिंटिंग, सगळंच दोनदा लिहीत बसा!

निशाचर: फ्लॅग लावला, दिसलं. पण काका, मग खुद्द ‘टाइप’चा काइंड काय? टाइपच? हा तर सरळसरळ विरोधाभास झाला.

रिकर्सिव्ह_राजा: जीएचसी 8.0 पासून, म्हणजे 2016 पासून, तसंच आहे. तर्कशास्त्र म्हणून ते ढासळतं, मान्य. पण हॅस्केलमध्ये न थांबणारं रिकर्शन लिहून कुठल्याही टाइपची व्हॅल्यू ‘बनवता’ येतेच की. गमावण्यासारखं उरलं होतं काय?

काकांनी एक गाळलं. ‘टाइप’ हासुद्धा मूळ नाही. सगळी अक्षरं कॅपिटल असलेला एक ‘टाइप’ असतो, त्याला लिफ्टेडरेप दिला की आपला नेहमीचा. इंट-हॅशला (पॉइंटरशिवायच्या कच्च्या इंटला) तिथे इंटरेप मिळतो. व्हॅल्यू पॉइंटर आहे की थेट रजिस्टरमधला आकडा, हे कोड जनरेटरला काइंडवरूनच कळतं. 8.0 च्या आधी यासाठी हॅश नावाचा वेगळा काइंड आणि वर सबकाइंडिंगचा (एक काइंड दुसऱ्याचा उपप्रकार धरण्याचा) पसारा होता.

निशाचर: आणि कन्स्ट्रेंट, म्हणजे टाइपक्लासच्या अटींचा काइंड?

लॅम्डाकाका: टाइपचेकरला तो वेगळा, पण कोअरमध्ये (कंपायलरच्या आतल्या मधल्या भाषेत) 9.6 येईपर्यंत टाइप आणि कन्स्ट्रेंट एकच धरायचे. आता तिथेही वेगळे आहेत. जुने लेख वाचताना आवृत्ती बघत जा, निम्मा गोंधळ तिथेच असतो.