केबलचा भाव विचारायला सरकारी बाई आल्यात. कोणता आकडा सांगू?

वायरवाला_गंगाखेड

नमस्कार मंडळी. मी गंगाखेडात 2003 पासून केबल चालवतो. एका वेळी हजाराच्या वर कनेक्शनं होती, आता साडेतीनशेवर आलोय. ते रडगाणं आज नको.

परवा दुपारी वसुलीच्या वहीत डोकं घालून बसलो होतो. एक बाई टॅब घेऊन दुकानात आल्या, गळ्यात सांख्यिकी कार्यालयाचं ओळखपत्र. म्हणाल्या, दादा, महागाईच्या निर्देशांकासाठी भाव घ्यायचेत, केबलचा महिन्याचा भाव काय? मी म्हणलं, कोणाचा? त्या म्हणाल्या, कोणाचा म्हणजे? भाव सांगा की.

आता तुम्हीच बगा माझी वही. बहुतेकांना 250. क्रिकेटचं पाकीट ज्यांना पाहिजे त्यांना 320. जुन्या बाजारातल्या पंचवीस-तीस घरांना 200, कारण ते पहिल्या दिवसापासून आहेत आणि त्यांना वाढवून सांगायला माझी जीभ रेटत नाही. एका आजीकडून 150 घेतो, त्यांना कीर्तन आणि दोन मालिका एवढंच लागतं. किराणावाल्याचे 250 माझ्या सामानात वळते होतात, रुपया हातात येत नाही. आणि तीन घरं एकदम फुकट. त्यांच्या गच्चीवर माझे नोड, म्हणजे सिग्नलचे डबे, बसलेत, नोडला लाईटही त्यांच्याच मीटरवरून. त्यांना कोणत्या तोंडानं पैसे मागू?

त्यात ऊसतोड. दिवाळी झाली की वाड्या-तांड्यांवरची घरं कुलूप लावून जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. त्यांच्या बॉक्समधली कार्डं मी बंद करून टाकतो, माणसं मार्च-एप्रिलात आली की चालू. वर्षाचे सात महिनेच भरतात ती. मग बाईंनी जानेवारीत विचारलं तर त्या घराचा भाव काय धरायचा? आणि सोयाबीनचे पैसे आले की सहा महिन्यांचे एकदम देणारेही आहेत, त्यांना 1500 चे 1300 करतो.

टॅबवर रकाना एकच.

आणखी एक, मनातलं सांगतो. पूर्वी कनेक्शनमागे करमणूक कर होता. निरीक्षक यायचा तेव्हा 400 कनेक्शनांची 150 सांगायची, हे धंद्यातलं पहिलं शिक्षण. तो खांबाखाली उभा राहून वायरी मोजायचा, मी चहा मागवायचो. जीएसटी आला, तो कर गेला, बॉक्स आल्यावर तर लपवायलाही काही उरलं नाही. ज्या वरच्या कंपनीकडून सिग्नल घेतो तिला एकेक कार्ड दिसतं. पण सवय जात नाही. सरकारी माणसानं आकडा विचारला की माझ्या तोंडून आपोआप कमीच निघतो. बाईंना मी 'दीडशे' म्हणालो, त्या टाईप करायला लागल्या, तर घाईनं म्हणलं थांबा, शुक्रवारी या.

चौकातला एक जण म्हणायला, 153 च्या वर सांगूच नको, गुन्हा दाखल होईल. खरंय का हे? शुक्रवारी काय सांगू?

एनटू_सिडको

चौकातला माणूस बरोबर बोलतोय. 153 रुपये 40 पैसे हा ट्रायचा, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, दर आहे. तुम्ही 250 घेता म्हणजे वरचे 97 कशाचे? आमच्या संभाजीनगरातही हेच चालतं. पावती मागितली की केबलवाला म्हणतो सर्व्हर डाऊन आहे. बाईंना खरं सांगा, म्हणजे एकदा तरी दिल्लीत कळेल.

हेडएंड_नांदेड

सिडकोवाले काका, रागावू नका, पण 153.40 चा हिशेब अर्धाच सांगितलात. मी एका कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करतो, हे प्रश्न रोजचे आहेत.

ते 130 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी. 1 फेब्रुवारी 2019 पासून नवी पद्धत आली तेव्हा ठरलेलं नेटवर्कचं भाडं, तेही पहिल्या 100 चॅनलसाठी, त्यात दूरदर्शनचे सक्तीचे आलेच. पैशाच्या चॅनलची किंमत त्याच्यावर वेगळी. 2020 च्या दुरुस्तीत त्याच 130 मध्ये 200 चॅनल आले. पाकिटात घालायच्या चॅनलची कमाल किंमत आधी 19 रुपये होती, ती 12 करायला निघाले, वाद कोर्टात गेला, शेवटी नोव्हेंबर 2022 ला परत 19 वर आले. आणि जुलै 2024 मध्ये ट्रायनं 130 ची मर्यादाच काढून टाकली. आता नेटवर्कचं भाडं कंपनीनं ठरवायचं आणि जाहीर करायचं. त्यामुळे 153 च्या वर सांगितलं म्हणून गुन्हा वगैरे काही नाही. ते 97 सुद्धा केबलवाल्याच्या खिशात जात नाहीत. त्यात चॅनलवाल्याचा वाटा, वरच्या कंपनीचा वाटा, कर. करार वेगळा नसेल तर नेटवर्कच्या भाड्यातले 55 टक्के वरच्या कंपनीचे आणि 45 केबलवाल्याचे.

पावतीचं मात्र काका बरोबर बोलतायत.

आता मुद्दा. प्रत्येक चॅनलवाला आपली छापील किंमत ट्रायला कळवतो. आमच्यासारख्या कंपन्या भाडं आणि पाकिटांचे दर कळवतात. हे सगळं वेबसाईटवर असतं, कोणीही बघावं. पण गंगाखेडच्या गल्लीत आजीनं 150 दिले हे त्या कुठल्याच कागदात उतरत नाही. ट्रायला दरपत्रक माहीत आहे, वही माहीत नाही. वहीतला भाव सरकारी आकडेवारीत नेणार होत्या त्या तुमच्या दुकानात आलेल्या बाई, आणि त्यांना तुम्ही दीडशे सांगायला निघाला होतात.

गंमत म्हणजे हा घोळ जुना आहे. 2004 मध्ये केबल ट्रायकडं आली तेव्हा पहिला आदेश असा निघाला की 26 डिसेंबर 2003 ला जो दर चालू होता तोच कमाल. त्या दिवशी कोण किती घेत होता याची वही कुणाकडं होती, तुम्हीच सांगा.

वायरवाला_गंगाखेड

माझ्याकडं होती ना! डिसेंबर 2003 ला मी 100 रुपये घेत होतो. वही वाळवीनं खाल्ली.

सिडकोवाले काका, पावतीचं मान्य. आमच्याकडं मशीन आहे, रोल संपला की महिनाभर आणायचा राहतो. रोल आणतो. पण एक सांगतो, 250 मधले 190 च्या आसपास कार्ड चालू करतानाच वरच्या कंपनीकडं भरलेल्या वॉलेटमधून कटतात. उरलेल्या साठात वसुलीचा पोरगा, फायबर जोडणं, आणि मिरगाच्या पहिल्या पावसात वीज पडून जळणारे नोड. मागच्या जूनमध्ये एका रात्रीत चार गेले.

उदगीरची_सध्या_जर्सीत

दादा, तुमचं वाचून हसूलाले आणि घरची आठवण येऊलाली. हा रोग इथं अमेरिकेतही आहे, फक्त वहीच्या जागी बिल.

इथं 1992 च्या केबल कायद्यानं सरकारच्या दळणवळण आयोगावर, म्हणजे एफसीसीवर, काम टाकलं की केबलचे सरासरी दर गोळा करून छापा. मग ते कंपन्यांना तक्ता पाठवायचे. अमुक गावात 1 जानेवारीला साध्या पाकिटाचा दर काय, त्याच्या वरच्या पाकिटाचा काय, बॉक्सचं भाडं काय. आणि ज्या गावात दुसरा कोणी स्पर्धक आहे ती गावं वेगळी, जिथं एकट्याचंच राज्य आहे ती वेगळी. माझ्या मते तक्त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. त्यांच्या अहवालात 1995 ला मधल्या पाकिटाची सरासरी 22.35 डॉलर आहे आणि 2013 च्या जानेवारीत 64.41. गल्लीतल्या माणसाला हे आधीच माहीत होतं, पण कागदावर आल्यावर भांडता येतं.

आता इथली खरी गंमत. इथं गावोगावची साधी, ॲन्टेनावर फुकट दिसणारी चॅनल आहेत ना, तीसुद्धा केबल कंपनीकडून पैसे घेतात. समजा सह्याद्री वाहिनी म्हणाली की मला तुमच्या केबलवर दाखवायचं तर कनेक्शनमागे इतके डॉलर टाका. दर तीन वर्षांनी ते चॅनल ठरवतं, सक्तीनं फुकट दाखवून घ्यायचं की पैसे मागायचे. पैसे वाढत गेले आणि कंपन्यांनी ते बिलात वेगळ्या ओळीत टाकायला सुरुवात केली. 2014 च्या कायद्यानंतर एफसीसी कंपन्यांना तेही विचारू लागली, की या चॅनलना किती देता.

माझंच सांगते. जाहिरातीत दर एक, हातात आलेल्या बिलात 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' म्हणून वेगळी ओळ, कर त्याच्या खाली. फोन केला तर पोरगी म्हणते, मॅडम, दर वाढलेलाच नाही, फी वाढलीय. उदगीरच्या मोंढ्यात असं कोणी बोललं असतं तर हमाल हसले असते! 2024 च्या मार्चमध्ये एफसीसीनं नियम केला की जाहिरातीत आणि बिलात सगळं धरून एकच आकडा दाखवा.

म्हणून म्हणते, त्या बाईंना तुटक आकडे देऊ नका. गिऱ्हाईकाच्या हातून जे जातं ते, कर-बिर सगळं धरून.

टॅबवाली_माजी

मी चार वर्षं कंत्राटावर हेच काम केलं, हिंगोली आणि परभणी जिल्ह्यांत. आता सोडलं. त्यामुळे मोकळेपणानं लिहिते.

दादा, तुम्ही उगीच सरासरी काढत बसलात. भाव घेणाऱ्या माणसाला साडेतीनशे घरांची सरासरी नको असते. त्याला हवा असतो एकच माल, एकाच दुकानातला, दर महिन्याला तोच. तुरीची डाळ घेताना आम्ही असंच करायचो. दुकानदाराकडं पाच प्रतींची डाळ असते, आम्ही एक ठरवायचो आणि दर महिन्याला तिचाच भाव विचारायचो. कारण निर्देशांकात बघायचं असतं की भाव किती हलला. या महिन्यात तुम्ही 250 चं पाकीट सांगितलं आणि पुढच्या महिन्यात आजीचे 150 सांगितले, तर केबल 40 टक्क्यांनी स्वस्त झाली असं दिसेल, आणि तुम्ही तर एक पैसाही कमी केलेला नसेल. खोट्या आकड्याइतकाच हा घोळ वाईट.

म्हणून बाईंना असं सांगा: नेहमीचं मराठी-हिंदी पाकीट, साधा बॉक्स, महिन्याला रोख देणारं घर, कर धरून 250. पाकिटाचं नाव त्यांना लिहून घ्यायला लावा. पुढच्या महिन्यात तेच. ते पाकीट कंपनीनं बंद केलं किंवा त्यातली चॅनल काढली तर तेही सांगा. हे फार महत्त्वाचं आहे आणि कोणीच सांगत नाही. दर 250 च राहतो आणि आतून दोन चॅनल गायब होतात, ही पण महागाईच. बिस्किटाच्या पुड्याचं वजन आम्ही मुद्दाम तपासायचो ते याच कारणानं.

सहा महिन्यांचे 1300 वेगळे ठेवा, त्यात मिसळू नका. किराणावाल्याला सोडा.

आणि भीतीचं. सांख्यिकी संकलन अधिनियम 2008 प्रमाणं घेतलेली माहिती आकडेवारीसाठीच वापरायची असते. तुमचं नाव-गाव जाहीर होत नाही, जीएसटीच्या साहेबाच्या टेबलावर तो टॅब जात नाही. मला एका हॉटेलवाल्यानं चहाचा भाव 5 रुपये सांगितला होता, मी तिथंच 10 चा चहा पीत होते. त्याला वाटलं मी आयकरवाली. मी दहाची नोट काढून ठेवली, तो हसला, मी 10 लिहिले.

एनटू_सिडको

हे पटलं. दुपारी घरातलं बिल काढून बघितलं. 2019 ला जे पाकीट घेतलं होतं त्याच नावाचं आहे, पण त्यातलं नातवाचं कार्टून चॅनल कधी गेलं ते आम्हालाही कळलं नाही. केबलवाल्यालाच शिव्या घालत होतो.

हेडएंड_नांदेड

वायरवाले भाऊ, जाता जाता एक. तुमची नोंदणी अजून पोस्टातली जुनी आहे का? जानेवारी 2025 पासून नोंदणी थेट मंत्रालयाच्या पोर्टलवर असते, 5000 रुपये, मुदत पाच वर्षं. पोस्टात 500 रुपये भरून दरवर्षी शिक्का मारून आणायचे दिवस गेले.

वायरवाला_गंगाखेड

नोंदणी दिवाळीआधी पोराकडून करून घेतली, ओटीपी येईना म्हणून अर्धा दिवस गेला.

बाई आज येऊन गेल्या. टॅबवाल्या ताईंनी सांगितलं तसं केलं. पाकिटाचं नाव सांगितलं, साधा बॉक्स, रोख, 250, कर धरून. बाईंनी विचारलं, मागच्या वेळी दीडशे कामून म्हणाला होतात? मी म्हणलं, सवय. त्यांनी मान हलवली आणि टाईप केलं. मग म्हणाल्या, नमुन्याला एक घर धरून ठेवा, म्हणजे दर महिन्याला तुमचाही गोंधळ होणार नाही.

आता तेवढंच अडलंय, ताई. दुकानाच्या बरोबर समोरचं घर धरायचं म्हणलं तर ते नोडवालं आहे, फुकट.

टॅबवाली_माजी

ते नको. त्याच्या शेजारचं धरा.

वायरवाला_गंगाखेड

शेजारचं ऊसतोडीला गेलंय. त्याच्या पलीकडं मास्तर राहतात, ते धरतो.